काटा कोणाच्या हाती

यंदा गळीत हंगाम सुरू होण्याच्या आठवडाभर आधी माझ्या धाकट्या भावाने घरच्या व्हॉट्सॲप गटावर एका ओळीत कळवून टाकले की या वर्षीपासून आपला ऊस सहकारी कारखान्याला जाणार नाही, पलीकडच्या तालुक्यातल्या खासगी कारखान्याला जाईल. सांगली जिल्ह्यातल्या आमच्या गावात ही काही मोठी बातमी नव्हे. निम्म्या गावाने हे आधीच केले आहे. पण आमचे वडील, ज्यांना आम्ही अण्णा म्हणत असू, त्या सहकारी कारखान्याचे पहिल्या पिढीतले सभासद होते. दिवाळीची सभासद-साखर आणायला ते स्वतः सायकलवरून जात आणि घरातले घड्याळ कारखान्याच्या भोंग्यावर लावत. त्यामुळे भावाच्या त्या एका ओळीवर दोन दिवस वाद चालला. निवृत्त शिक्षक असलेले आमचे काका, ज्यांचे तरुणपण राष्ट्र सेवा दलाच्या शाखेत गेले, म्हणाले की भांडवलशाहीने माणूस बिघडवला, नाहीतर हाच गाव एकेकाळी सावडीवर, म्हणजे एकमेकांच्या शेतात बैलांनिशी आळीपाळीने राबण्यावर, चालत होता. पुण्यात संगणक क्षेत्रात असलेल्या चुलतभावाचे म्हणणे नेमके उलटे होते: माणूस मुळातच स्वार्थी, स्वभावाला औषध नसते, भांडवलशाही हे त्या स्वभावाचेच दुसरे नाव आणि सहकार मेला तो याच कारणाने. भावाने दोघांनाही एकाच वाक्यात उत्तर दिले. ‘सहकार-बिहकार र्‍हाऊ दे, पैसं येळंवर कोण देतंय तेवढं सांगा.’ मग सगळ्यांनी माझ्याकडे मोर्चा वळवला. मी 16 वर्षे जर्मनीत राहते, त्यामुळे कोणत्याही वादात ‘तिकडे काय करतात’ हे सांगण्याची जबाबदारी माझ्यावर येते. फोनवर हे सांगणे जमले नाही, म्हणून लिहिते आहे.

मी बोनजवळ राहते. इथून तासाभराच्या अंतरावर वेस्टरवाल्ड नावाचा डोंगराळ, एकेकाळी फार दरिद्री असलेला मुलूख आहे. त्यातल्या फ्लामर्सफेल्ड या गावी लाकडी चौकटीचे एक जुने घर संग्रहालय म्हणून जपले आहे. त्या घरात 1848 पासून काही वर्षे फ्रीडरिश विल्हेल्म रायफायझन हा गावचा प्रशासक राहत होता. पुढे ज्याच्या नावाने निम्म्या जगात सहकारी पतपेढ्या निघाल्या, तोच हा गृहस्थ. आपल्याकडच्या वादाशी त्याचा संबंध ओढूनताणून आणलेला नाही. 1875 च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांवर चाल करून कर्जखते जाळली, तो उठाव पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांत पसरला आणि शेतकऱ्याला कर्ज द्यायचे कसे, हा प्रश्न इंग्रज सरकारपुढे उभा राहिला. पुढे 1890 च्या दशकात मद्रास सरकारच्या फ्रेडरिक निकल्सन या अधिकाऱ्याने युरोपातल्या पतपेढ्यांचा अभ्यास करून जाडजूड अहवाल लिहिला आणि त्याचे सार दोन शब्दांत सांगितले: ‘रायफायझन शोधा’. 1904 चा सहकारी पतसंस्थांचा कायदा त्यातून आला, 1905 मध्ये तेव्हाच्या मुंबई इलाख्यात, गदगजवळच्या कणगिनहाळ गावी पहिली सोसायटी निघाली, आणि त्याच वाटेवर पुढे 1950 साली प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांचा कारखाना उभा राहिला. अण्णांच्या कारखान्याची वंशावळ अशी वेस्टरवाल्डच्या चिखलापर्यंत जाते.

रायफायझनच्या आयुष्यातला मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा भाग म्हणजे त्याने माणसाच्या स्वभावाविषयीचे आपले मत मध्येच बदलले. 1846–47 च्या हिवाळ्यात पीक बुडाले, भाकरी महागली, तेव्हा वायरबुश गावात त्याने खाऊनपिऊन सुखी असलेल्या लोकांकडून पैसे जमवले, भट्टी उभारली आणि गरिबांना उधारीवर स्वस्त पाव दिला. फ्लामर्सफेल्डला आणि पुढे राइनकाठच्या हेडेस्डोर्फला त्याने अशाच संस्था काढल्या, ज्यांत पैसा सुखवस्तूंचा आणि मदत गरजूंना. संकट ताजे असेपर्यंत त्या चालल्या. नंतर देणाऱ्यांचा उत्साह ओसरला, बैठकांना कोणी येईना, आणि धर्मपरायण असलेल्या या माणसाला कबूल करावे लागले की भूतदयेवर संस्था टिकत नाही. 1864 मध्ये हेडेस्डोर्फच्या धर्मादाय संस्थेची त्याने कर्जपेढी केली. ज्याला कर्ज हवे त्याने सभासद झालेच पाहिजे, आणि सभासद झालेल्या प्रत्येकाने आपल्या सगळ्या मालमत्तेनिशी इतरांच्या कर्जाला जामीन राहिले पाहिजे, असा नियम ठेवला. कार्यक्षेत्र एका चर्चच्या हद्दीतल्या वस्तीपुरते, म्हणजे कोणाची गाय भाकड झाली आणि कोण गुत्त्यात जास्त बसतो हे सर्वांना ठाऊक असेल एवढेच. हिशेबनीस सोडून कोणालाही पगार नाही. नफा वाटायचा नाही, तो न फोडता येणाऱ्या निधीत जमा करायचा.

या नियमांत माणूस चांगला असतो असे कुठेही गृहीत धरलेले नाही. पण तो वाईट असतो असेही नाही. शेजाऱ्याने कर्ज बुडवले तर माझे शेत जाईल, म्हणून मी शेजाऱ्यावर नजर ठेवीन, आणि शेजारी माझ्या ओळखीचा आहे म्हणून त्याला पहिल्याच चुकीला रस्त्यावर काढणार नाही, एवढाच त्यामागचा हिशेब आहे. स्वार्थ आणि शेजारधर्म एकाच दाव्याला बांधलेले. चुलतभाऊ म्हणतो तो स्वार्थ इथे आहे आणि काका म्हणतात तो आपलेपणाही आहे, परंतु संस्था यांपैकी कोणा एकावर उभी नाही.

आता इथल्या सभेची गोष्ट सांगते, कारण फोनवर ती सांगताना सगळे हसले होते. मी राहते त्या भागातल्या एका छोट्या सहकारी बँकेची मी सभासद आहे. जर्मनीत अशा सातशेहूनही कमी सहकारी बँका उरल्या आहेत आणि त्यांचे सभासद पावणेदोन कोटींच्या घरात आहेत. म्हणजे मी काही वेगळे केलेले नाही. 50 युरोचा एक भाग घेतला आणि वर्षभराने सभेचे निमंत्रण आले. गावाच्या सभागृहात लांब बाके, बटाट्याचे सूप, सॉसेज, आणि सूप सुरू होण्याआधी दोन तास आकडे. अध्यक्षांच्या अहवालानंतर देखरेख मंडळाच्या बाईंनी बाहेरच्या तपासणी संघाचा निष्कर्ष मांडला. 1889 च्या कायद्याने इथल्या प्रत्येक सहकारी संस्थेची ठराविक मुदतीने बाहेरच्या तपासनीसाकडून तपासणी सक्तीची केली आणि त्या तपासणीत काय निघाले हे सभासदांपुढे सांगावेच लागते. मग एक म्हातारा शेतकरी उठला आणि त्याने विचारले, आमच्या गावातले पैसे काढण्याचे यंत्र का काढले? (उत्तर असे की चोर ती यंत्रे स्फोटकांनी उडवतात, या भागात हा आता एक धंदाच झाला आहे.) म्हातार्‍याचे समाधान झाले नाही. त्याने तोच प्रश्न आणखी दोनदा विचारला, आणि तिन्ही वेळा त्याला ध्वनिक्षेपक दिला गेला. शेजारी बसलेला तरुण माझ्या कानात म्हणाला, मी तर सुपासाठी येतो.

याउलट अण्णांबरोबर लहानपणी मी एकदा कारखान्याच्या वार्षिक सभेला गेले होते. मोठा मंडप, फुलांच्या माळा, व्यासपीठावर दोन रांगा. ‘विषय क्रमांक एक’ एवढे वाचून होत नाही तोच पुढच्या रांगांतून ‘मंजूर, मंजूर’चा गजर. वीस मिनिटांत सगळे विषय मंजूर. मागे कोणीतरी उभे राहून मळीच्या विक्रीबद्दल विचारू लागला, तर राष्ट्रगीत सुरू झाले आणि तो माणूसही सावधान उभा राहिला. अण्णा घरी येताना काही बोलले नाहीत, पुढच्या वर्षी मात्र सभेला गेले नाहीत. साखर आणायला जात राहिले.

या दोन सभा शेजारी ठेवल्या की आपल्याकडचा माणूस लगेच म्हणतो, ते लोकच वेगळे. मला सर्वांत जास्त विरोध या वाक्याला आहे, कारण इतकी वर्षे इथे काढल्यावर ते खरे नाही हे मी खात्रीने सांगू शकते. युरोपातील सर्वांत मोठी मानली जाणारी गृहनिर्माण कंपनी, ‘नोये हायमाट’, जर्मन कामगार संघटनांच्या मालकीची होती; नफ्यासाठी नव्हे तर कामगारांना घरे मिळावीत म्हणून ती चालत असे. 1982 च्या फेब्रुवारीत उघड झाले की तिचे वरिष्ठ अधिकारी आपल्याच खासगी कंपन्यांमार्फत भाडेकरूंच्या जिवावर स्वतःचे खिसे भरत होते. 1986 मध्ये ती कंपनी कर्जासकट बर्लिनच्या एका पाव कारखानदाराला एका मार्कला विकली गेली आणि काही आठवड्यांत परत घ्यावी लागली. इथल्या ग्राहक सहकारी भांडारांपैकी अनेकांनी एकत्र येऊन भागभांडवली कंपनी केली, सभासद नुसते गिऱ्हाईक उरले, आणि 1980 च्या दशकाच्या अखेरीस तीही व्यवस्थापकांच्या लबाडीत बुडाली. खाजगी क्षेत्रात फोक्सवागनचा 2015 चा धुराचा घोटाळा आणि 2020 मध्ये वायरकार्ड या पेमेंट कंपनीच्या वहीतून नाहीसे झालेले 190 कोटी युरो सर्वांना आठवतात. कामगारांची कंपनी असो, सहकारी असो वा भांडवलदाराची, चोरी करणाऱ्यांची जात एकच निघाली.

आणि भांडवलशाही हटवली की लोभ हटतो, असे काकांना अजून वाटत असेल, तर माझ्या कार्यालयातल्या एका सहकारिणीचे बालपण त्यांना ऐकवायला हवे. ती पूर्व जर्मनीत वाढली. तिथे नफेखोर मालक नव्हता, परंतु मोटारगाडीसाठी दहा-दहा वर्षांहून जास्त थांबावे लागे आणि बांधकामाच्या फरशा, चांगला दातांचा डॉक्टर किंवा समुद्रकाठची सुट्टीची खोली मिळवायला ओळख लागे. या ओळखीला लोक ‘ब जीवनसत्त्व’ म्हणत, कारण ओळखीला असलेला जर्मन शब्द त्या अक्षराने सुरू होतो. मी तिला म्हटले, आमच्याकडे याला वशिला म्हणतात आणि त्यासाठी साम्यवादी राजवटीची वाट पाहावी लागली नाही. ती हसली, पण पुढे म्हणाली की इमारतीतल्या लोकांनी मिळून अंगण झाडायचे, एकमेकांची मुले सांभाळायची, हे मात्र तिकडे खरोखर होते आणि त्याची तिला आठवण येते. म्हणजे टंचाईने लोकांना लबाडही केले आणि शेजारीही केले.

मग माणसाचा मूळ स्वभाव आहे तरी कसा? या प्रश्नावरचा एक फार प्रसिद्ध प्रयोग इथून अर्ध्या तासावरच्या कोलोन शहरातला आहे. वेर्नर ग्यूट आणि त्याच्या दोन सहकाऱ्यांनी तो 1982 मध्ये प्रसिद्ध केला. दोन अनोळखी माणसे. पहिल्याला काही रक्कम दिली जाते आणि त्याने तिची वाटणी सुचवायची. दुसऱ्याने ती मान्य केली तर दोघांना तसे पैसे मिळतात, नाकारली तर दोघांनाही काहीच मिळत नाही. चुलतभावाच्या सिद्धान्ताप्रमाणे पहिल्याने शंभरातला एक रुपया देऊ करावा आणि दुसऱ्याने तो मुकाट घ्यावा, कारण शून्यापेक्षा एक बरा. तसे होत नाही. पुढे कितीतरी देशांत हा खेळ झाला, तेव्हा पहिला माणूस बहुतेक वेळा चाळीस-पन्नास टक्के देऊ करतो, आणि पाचवा हिस्साही देऊ न करणाऱ्याला दुसरा बरेचदा स्वतःचे नुकसान सोसून धडा शिकवतो, असे पुन्हापुन्हा दिसले. शेताच्या बांधासाठी तीन पिढ्या कोर्टात घालवणाऱ्या महाराष्ट्राला हे सांगायला प्रयोगशाळेची गरज नव्हती, हा भाग वेगळा. अन्याय होतो आहे असे वाटले की माणूस नफ्यातोट्याचे गणित बाजूला ठेवतो, हे आपण रोज पाहतो.

काकांनाही हा प्रयोग सोयीचा नाही. मानववंशशास्त्रज्ञांच्या एका गटाने हाच खेळ जगातल्या 15 छोट्या समाजांत खेळवला आणि 2001 मध्ये त्याचे निष्कर्ष मांडले. पेरूच्या जंगलातले माचिगेंगा लोक, ज्यांचे जगणे कुटुंबापुरते असते आणि बाजाराशी ज्यांचा फारसा संबंध नाही, त्यांनी अनोळखी माणसाला सरासरी जेमतेम पाव हिस्सा देऊ केला, आणि समोरच्यानेही तो जवळजवळ नेहमी विनातक्रार घेतला. इंडोनेशियातल्या लामालेरा गावचे लोक मोठ्या होड्यांतून एकत्र देवमाशाची शिकार करतात आणि कोणता तुकडा कोणाचा याचे तिथे पिढीजात नियम आहेत. त्यांनी निम्म्याहून जास्त देऊ केले. सगळे समाज एकत्र पाहिले तर ज्यांचे पोट एकमेकांच्या मदतीवर चालते आणि ज्यांचा बाजाराशी व्यवहार जास्त, ते अनोळखी माणसाशी जास्त न्यायाने वागले. बाजारच माणसाला बिघडवतो हे काकांचे म्हणणे त्यात टिकत नाही, तसेच माणूस जन्मतःच हातचे राखून असतो हे चुलतभावाचेही टिकत नाही. ज्या व्यवहारात माणूस रोज वावरतो, तो व्यवहार त्याला काय सवय लावतो, हे महत्त्वाचे.

बाजार काहीच बिघडवत नाही, असा मात्र याचा अर्थ मी घेत नाही. इस्राएलमधल्या हैफा शहरात काही पाळणाघरांनी मुलाला उशिरा न्यायला येणाऱ्या पालकांना दंड लावून पाहिला. दंड लागताच उशीर करणारे कमी होण्याऐवजी जवळपास दुप्पट झाले, आणि दंड रद्द केल्यावरही ते पूर्ववत आले नाहीत. आधी उशीर झाला तर बाईंपुढे ओशाळायला होत असे. आता उशिराचे पैसे मोजले की झाले. माझी मुलगी लहान असताना इथल्या बालवाडीत असा दंड नव्हता. ताटकळलेल्या शिक्षिका अंगात कोट घालून, माझ्या मुलीचा हात धरून दारात उभ्या असत आणि एक शब्दही बोलत नसत. मी आयुष्यात एवढी धावले नाही. काही गोष्टींना किंमत लावली की त्यातली लाज निघून जाते, आणि एकदा गेलेली लाज पैसे परत करून येत नाही, एवढे काकांचे मला मान्य आहे.

पण काका ज्या सावडीच्या गावाची आठवण काढतात, ते गाव मी त्यांच्या इतक्या प्रेमाने आठवू शकत नाही. सावड होत होती ती बैलजोडी असणाऱ्यांत. ज्याच्याकडे बैल नव्हते त्याच्याकडे फेडायला काहीच नव्हते, म्हणून तो सावडीत नव्हता, मजुरीवर होता. इर्जिकीला, म्हणजे एकाच्या शेतात सगळ्यांनी मिळून करायच्या नांगरटीला, औते घेऊन आलेल्यांची पंगत ओसरीवर बसे आणि महारवाड्यातल्या माणसाचे ताट अंगणाबाहेर वाढले जाई. हे आमच्या आजीनेच सांगितलेले, तिला त्यात वावगे वाटत नव्हते. आईची भिशी मात्र मी डोळ्यांनी पाहिली आहे. बारा बायका, महिन्याला ठरलेली रक्कम, वहीची दोन पाने, चिठ्ठी काढायला शेजारचे लहान मूल. तेवीस वर्षांत एकदाच एकीचा हप्ता चुकला आणि ती बाई पुढचे दोन महिने दुसऱ्या गल्लीने बाजारात जात होती. रायफायझनचा सारा ग्रंथ त्या दोन पानांत होता. पण बाराव्या बाईच्या पलीकडे तेराव्या बाईला त्या वहीत जागा नव्हती आणि भांडी घासायला येणाऱ्या मावशींना कोणी कधी ‘येता का भिशीत’ असे विचारले नाही.

माझे म्हणणे इथे येऊन थांबते. माणूस स्वार्थी की परोपकारी, या प्रश्नावर आपण घरात भांडतो, पण कोणत्याही व्यवस्थेत त्याहून कळीचे दोन प्रश्न असतात: वहीत नाव कोणाचे आहे, आणि वजनकाट्याजवळ उभे राहायची मुभा कोणाला आहे. सहकारी कारखान्याने शेतकऱ्याला सभासद केले, एकाला एक मत दिले, ही मोठी गोष्ट झाली. कितीतरी घरांतली पहिली पदवी त्या उसाच्या बिलावर मिळाली, माझी त्यातलीच. पण सहकार बांधापाशी संपला. तो ऊस तोडणारा, बीडहून उचल घेऊन आलेला माणूस कधीच सभासद नव्हता. मुकादमाच्या वहीत नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’, आणि बाळंतपणामुळे का होईना, बाईचा एक दिवस गेला तर त्याचा ‘खाडा’. शेतकऱ्यांच्या मालकीचा कारखाना आणि भांडवलदाराच्या मालकीचा कारखाना यांत कोयत्याच्या बाजूने पाहिले तर मला तरी फरक करता आलेला नाही. आमच्या रानात पालावर राहणाऱ्या एका टोळीतली माझ्याच वयाची मुलगी पहाटे तीनला मोळ्या बांधत असे, आणि मी सहकारी कारखान्याच्या शिक्षणसंस्थेत सहकाराची तत्त्वे पाठ करत असे.

इथेही तेच आहे. बोन आणि कोलोनच्या मधल्या बोर्नहाइम परिसरात वसंतात शतावरीच्या जातीचे पांढरे कोंब निघतात, जर्मन माणूस त्यांची वर्षभर वाट पाहतो. ते जमिनीतून हाताने काढावे लागतात आणि काढायला येतात रोमानियाचे मजूर. 2020 च्या मे महिन्यात, साथीच्या ऐन भरात, तिथल्या एका दिवाळखोरीत निघालेल्या शेतावरच्या मजुरांनी थकलेल्या मजुरीसाठी काम बंद केले. माझ्या घरापासून जेमतेम काही किलोमीटरवर घडलेली ही गोष्ट मला वर्तमानपत्रातून कळली. त्या आठवड्यात आमच्या घरी तेच कोंब शिजले होते. सूप वाढणाऱ्या सहकारी बँकेच्या सभेत, ध्वनिक्षेपक तीनदा मिळालेल्या म्हातार्‍याच्या शेजारी, त्या मजुरांपैकी कोणी असण्याचा प्रश्नच नव्हता.

आणि मी तरी कुठे होते? अण्णा गेल्यावर कारखान्याचा शेअर भावाच्या नावावर झाला. मी हक्कसोडपत्रावर सही केली, कोणी जबरदस्ती केली नाही, ‘तू तर तिकडं’ एवढेच सगळे म्हणाले आणि मलाही ते रीतीचे वाटले. म्हणून उसाच्या बिलावर शिकलेली मी आयुष्यात पहिल्यांदा सभासद झाले ती परक्या मुलखातल्या बँकेची, वयाच्या 38 व्या वर्षी. काकांचा सहकार आणि चुलतभावाचा बाजार, दोघांनीही मला बाहेर ठेवले होते, हे त्या बाकावर बसून सूप पिताना लक्षात आले.

भावाच्या निर्णयाला मी चूक म्हणत नाही. ऊस घातल्यापासून 14 दिवसांत पैसे मिळाले पाहिजेत असे ऊस नियंत्रण आदेश सांगतो, आणि सहकारी कारखान्याने त्याला गेल्या हंगामाच्या बिलासाठी चार महिने फिरवले. महाराष्ट्रात आज गाळप करणाऱ्या कारखान्यांत जवळपास निम्मे खासगी आहेत, त्यांतले काही तर बुडालेले सहकारी कारखानेच आहेत, लिलावात घेतलेले. सहकार माणसाच्या स्वार्थाने बुडाला, हे चुलतभावाचे निदान मला म्हणूनच अपुरे वाटते. स्वार्थ तर प्रवरानगरच्या शेतकऱ्यांतही होता, त्या स्वार्थावरच कारखाना उभा राहिला. बुडाला तो पाठीमागच्या रांगेतला माणूस मळीचा भाव विचारू लागल्यावर राष्ट्रगीत सुरू झाले तेव्हा. 2019 मध्ये पंजाब अँड महाराष्ट्र सहकारी बँकेच्या ठेवीदारांना सुरुवातीला सहा महिन्यांत फक्त 1,000 रुपये काढता येतील असे एका सकाळी कळले, तेव्हाही सामान्य सभासदांना आदल्या दिवसापर्यंत काही ठाऊक नव्हते. रायफायझनच्या गावात कोणाची गाय भाकड आहे हे सर्वांना माहीत असायचे. इथे स्वतःची बँक भाकड आहे हे मालकांनाच माहीत नव्हते.

खासगी कारखान्याने भावाचे पहिले बिल बाराव्या दिवशी जमा केले. त्याने तो संदेश गटावर टाकला, खाली चुलतभावाने अंगठा दाखवला, काका गप्प राहिले. रात्री भावाने मला एकटीला दोन पावत्यांचे फोटो पाठवले. ट्रॉली कारखान्यावर नेण्याआधी त्याने ती रस्त्यावरच्या एका खासगी वजनकाट्यावर तोलून घेतली होती, शंभर रुपये मोजून. दोन पावत्यांवरचे आकडे जुळत नव्हते. मी फोन केला आणि विचारले, याबद्दल कोणाला विचारलेस का.

‘विचारायचं कुणाला, ताई? गेटवरचा पोरगा म्हणतो, मशीन सांगतंय तेच वजन. तिथं मी कोण? गिऱ्हाईक बी न्हाय आन् मालक बी न्हाय.’

मग थोडा वेळ तो काही बोलला नाही. पाठीमागे ट्रॅक्टरचा आवाज येत होता. शेवटी म्हणाला, ‘अण्णांचा शेअर मात्र मोडला न्हाय बरं का. सप्टेंबरात सभा हाय. मळीचं काय विचारायचं असतंय, तेवढं मला लिहून पाठव.’